गाडीच्या ब्रेक, एबीएस आणि ईएससी यंत्रणेतील बिघाड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाके लॉक होऊ न देणारी, म्हणजे फिरायची थांबून घसरू न देणारी यंत्रणा, आणि ईएससी म्हणजे गाडी घसरू लागल्यास तिची दिशा सांभाळणारी यंत्रणा. खालील उत्तरे खासगी चारचाकी मोटारींना लागू होतात. हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असलेल्या ट्रक आणि बसगाड्यांची रचना वेगळी असल्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही. दिव्यांची चिन्हे बहुतेक कंपन्यांच्या गाड्यांत सारखीच असतात. तरीही आपल्या गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत वेगळे काही सांगितले असेल, तर पुस्तिकेचे म्हणणेच ग्राह्य धरावे.

एबीएसचा पिवळा दिवा लागून राहिला आहे. गाडी चालवत राहावी का?

वर्कशॉपपर्यंत, बेताच्या वेगाने आणि पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवून, गाडी नेता येते. एबीएसच्या नियंत्रकाला स्वतःच्या यंत्रणेत काही खटकले की तो एबीएस बंद ठेवतो आणि पिवळा दिवा लावतो. पेडल, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर, ब्रेक ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडर आणि चाकांवर पॅड दाबणारे कॅलिपर हा मूळ ब्रेक त्यानंतरही चालू राहतो, म्हणून रोजच्या वापरात काहीच फरक जाणवत नाही. फरक जाणवतो तो अचानक जोरात ब्रेक मारण्याची वेळ येते तेव्हा. तेव्हा चाके लॉक होऊ शकतात, आणि पुढची चाके लॉक झाली की स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळच घसरत जाते.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. भारतात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींमध्ये एबीएस अनिवार्य आहे, त्यामुळे अलीकडे गाडी चालवायला शिकलेल्या अनेकांनी एबीएस नसलेली गाडी कधी हाताळलेलीच नसते. संकटात पेडल पूर्ण दाबून धरायचे, हीच त्यांच्या पायाची सवय असते आणि एबीएस चालू असताना ती योग्यही आहे. एबीएस बंद असताना मात्र चाक घसरू लागल्याचे जाणवताच पेडल किंचित सैल सोडून पुन्हा दाबावे लागते. ज्याला ही सवय नाही, त्याने "ब्रेक तर लागतो आहे" या समजावर महिनोन् महिने पिवळ्या दिव्यासह फिरणे धोक्याचे आहे.

पिवळ्या दिव्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर?

गाडी सुरक्षित जागी थांबवावी. लाल दिव्याची साधी कारणे आधी तपासावीत, म्हणजे हँडब्रेक पूर्ण खाली आहे का आणि ब्रेक ऑइलची पातळी टाकीवरील खालच्या खुणेच्या वर आहे का. ही दोन्ही कारणे नसताना लाल आणि पिवळा असे दोन्ही दिवे एकदम लागले असतील, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ ईबीडी, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्था, बंद पडली असा होतो.

ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाके हलकी होतात. पूर्वीच्या गाड्यांत मागच्या चाकांकडे जाणारा दाब मर्यादित ठेवणारा एक यांत्रिक व्हॉल्व्ह असे. आजच्या गाड्यांत तो काढून टाकण्यात आला आहे आणि त्याचे काम एबीएसचेच नियंत्रक करते. ते काम थांबले की जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाके आधी लॉक होण्याची शक्यता असते, आणि मागची चाके आधी लॉक झालेली गाडी स्वतःभोवती फिरते. अशा स्थितीत गाडी टो करून न्यावी, हेच बरे. तेवढी सोयच नसेल, तर अगदी सावकाश आणि ब्रेक हलके वापरत जवळच्या ठिकाणापर्यंत न्यावी; घाट किंवा द्रुतगती मार्ग मात्र घेऊ नये.

ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली दिसली की वरून भर घालून मोकळे होणे ही चूक आहे. ब्रेक पॅड झिजले की कॅलिपरमधील पिस्टन बाहेर सरकतात आणि टाकीतील ऑइल थोडे उतरते. किंवा कुठेतरी गळती असते. दोन्हींपैकी नेमके काय घडले आहे, हे चाके काढून पाहिल्याशिवाय कळत नाही.

ईएससी काय करते, आणि ते बंद पडल्यास काय गमावतो?

चालकाने स्टिअरिंग किती वळवले आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे, याची तुलना ही यंत्रणा सतत करत असते. दोन्ही जुळेनासे झाले की ती एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावते आणि गरजेनुसार इंजिनाचा जोरही कमी करते. वळणावर गाडीची शेपूट बाहेर फेकली जात असेल, तर मुख्यतः बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागतो. गाडी वळायलाच तयार नसेल, तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला. चारांपैकी एकाच चाकाला ब्रेक लावणे चालकाच्या पायाला कधीच शक्य नसते.

बॉश कंपनीचे इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लास गाडीत आले आणि स्थिरता नियंत्रण, म्हणजेच ईएससी, १९९५ मध्ये. १९९७ साली स्वीडनमध्ये एका मोटार-नियतकालिकाने घेतलेल्या चाचणीत, अडथळा चुकवण्यासाठी झटकन वळवलेली मर्सिडीझची छोटी ए-क्लास गाडी उलटली. त्यानंतर कंपनीने त्या गाडीत ही यंत्रणा सरसकट बसवली आणि महागड्या गाड्यांपुरती असलेली ही सोय लहान गाड्यांपर्यंत पोहोचली. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षितता मानांकनात ३ किंवा अधिक तारे मिळवायचे असतील तर ईएससी असणे आवश्यक असल्याने, आपल्याकडच्या परवडणाऱ्या गाड्यांतही ती आता सर्रास दिसते.

ईएससी बंद असताना गाडी साध्या रस्त्यावर नेहमीसारखीच चालते. ओल्या वळणावर किंवा अचानक आडव्या आलेल्या जनावराला चुकवताना मिळणारा आधार मात्र नसतो. चढावर गाडी मागे येऊ न देणारी हिल-होल्ड ही सोयसुद्धा याच यंत्रणेवर चालते, त्यामुळे दिवा लागलेला असताना चढावर ब्रेकवरून पाय काढताच गाडी मागे सरकू शकते. कंपन्या या यंत्रणेला ईएसपी, व्हीएससी, व्हीडीसी अशी निरनिराळी नावे देतात, काम एकच.

तीन-चार दिवे एकाच वेळी लागले आहेत. इतक्या यंत्रणा एकदम बिघडू शकतात का?

बहुधा एकच बिघडलेली असते. एबीएस, ईएससी, वेग वाढवताना चाके घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल, हिल-होल्ड, क्रूझ कंट्रोल आणि काही गाड्यांमध्ये टायरमधील हवेचा इशारासुद्धा चाकांच्या वेगाच्या त्याच चार सेन्सरांवर अवलंबून असतात. एका सेन्सरची माहिती येईनाशी झाली की तिच्यावर विसंबलेली प्रत्येक यंत्रणा आपापला दिवा लावून बाजूला होते. दिव्यांच्या संख्येवरून खर्चाचा अंदाज बांधू नये, आणि कोणी तसा बांधून दाखवला तर विश्वास ठेवू नये.

दोष प्रत्यक्षात कुठे सापडतो?

सर्वांत आधी चाकांपाशी पाहावे. वेगाचा सेन्सर चाकाच्या हबजवळ, चिखल, पाणी आणि ब्रेकची उष्णता या तिन्हींच्या माऱ्यात बसवलेला असतो. तो एका दातेरी कड्याचे दात किंवा बेअरिंगच्या सीलमध्ये बसवलेली चुंबकीय पट्टी वाचतो. सेन्सर आणि कडे यांच्यामधील फट जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते, आणि बऱ्याच तक्रारी या फटीतच जन्म घेतात. कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत सेन्सरच्या बैठकीखाली गंजाचा थर धरतो, तो थर सेन्सरला किंचित वर उचलतो, फट वाढते आणि कमी वेगात संकेत तुटतो. सेन्सर चांगला असतो. त्याची बैठक खराब झालेली असते. अशा वेळी बैठक घासून साफ केली की काम होते. जुन्या सेन्सरच्या टोकाला चुंबकामुळे लोखंडाचा काळा भुगा चिकटलेला असतो, तो पुसल्यावरही दिवा जातो, असे अनेकदा घडते.

दातेरी कडे एक्सलवर दाबून बसवलेले असते, आणि त्याच्या खाली गंज फुगला की ते तडकते. तडकलेल्या कड्याची खूण ठरलेली असते : सिग्नलवर गाडी हळूहळू थांबत असताना, कोरड्या रस्त्यावर, अगदी शेवटच्या दोन-चार मीटरमध्ये पेडल थरथरते आणि एबीएसचा कुरकुर आवाज येतो. दिवा कित्येकदा लागतही नाही. तडकलेल्या जागी एक दात चुकला की नियंत्रकाला ते चाक क्षणभर लॉक झाल्यासारखे वाटते, आणि ते त्या चाकाचा ब्रेक सोडते. थांबण्याच्या ऐन क्षणी ब्रेक सुटणे किती वाईट, हे वाहतुकीत अडकलेल्या कोणालाही सांगायला नको.

त्यानंतर पाळी वायरिंगची. चाकाबरोबर वर-खाली होणारी वायर वर्षानुवर्षे वाकून आतून तुटते, आणि वरचे आवरण मात्र धड दिसते. कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडामध्ये, पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. पावसाळ्यात घुशी आणि उंदीर गाडीच्या बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात, हा तर घरोघरचा अनुभव आहे. बेअरिंग नुकतेच बदलले असेल आणि त्याच दिवसापासून दिवा लागला असेल, तर बेअरिंग उलट बसवल्याची शंका घ्यावी, कारण चुंबकीय पट्टी असलेली बाजू सेन्सरच्या विरुद्ध दिशेला गेली की त्याला काहीच वाचता येत नाही.

ब्रेक पेडलच्या मागचा छोटा स्विच हे आणखी एक दुर्लक्षित ठिकाण आहे. तो बिघडला की पाय पेडलवर आहे की नाही याबद्दल यंत्रणेला परस्परविरोधी माहिती मिळते आणि ईएससीचा दिवा लागतो. सोबत मागचे ब्रेक-लाइट लागत नाहीत किंवा सतत लागून राहतात, आणि क्रूझ कंट्रोल चालत नाही. हा भाग तुलनेने स्वस्त असतो. मोठे भाग बदलण्याआधी कोणाला तरी गाडीच्या मागे उभे करून पेडल दाबून पाहिले, तर निदान तेवढी शंका फुकटात मिटते.

मरत आलेली बॅटरीही दिव्यांचा खेळ करते. सकाळी स्टार्टर मंद फिरला, व्होल्टेज खाली गेले आणि दिवे लागले, पण थोडे अंतर चालल्यावर विझले, असे होत असेल तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल तपासावेत.

वर्कशॉपमध्ये स्कॅन करून "सेन्सर गेला, बदलावा लागेल" असे सांगितले. लगेच होकार द्यावा का?

स्कॅनर जो कोड दाखवतो, तो यंत्रणेने नोंदवलेल्या बिघाडाचा क्रमांक असतो. आधी एक प्रश्न विचारावा : कोड वाचल्यानंतर आणखी काय तपासले? सी००३५ हा कोड पुढच्या डाव्या चाकाच्या वेग-संकेताविषयी आहे. तो संकेत सेन्सर, कडे, फट, बेअरिंग, वायर, कपलर आणि नियंत्रक या सर्वांमधून जातो, आणि यांपैकी काहीही बिघडले तरी तोच किंवा त्याच्यालगतचा कोड येऊ शकतो. कोडने चाक सांगितले; भाग सांगितला नाही. कोड पाहून थेट भाग बदलण्याची पद्धत वर्कशॉपला सोपी पडते, कारण भाग चुकीचा निघाला तरी बिल ग्राहकाच्याच नावावर फाटते. यावर ग्राहकाने आग्रहाने बोलावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

योग्य तपासणी फार वेळखाऊ नसते. स्कॅनर जोडलेला ठेवून मेकॅनिकने गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवावी आणि दुसऱ्याने पडद्यावर चारही चाकांचे वेग पाहावेत. गाडी सावकाश थांबवत नेली की तीन आकडे २०, १५, १०, ५ असे एकत्र उतरत जातात. चौथा १० पर्यंत त्यांच्यासोबत असतो, मग एकाएकी ० दाखवतो आणि पुढच्याच क्षणी पुन्हा ७ वर येतो. हे चाक पकडले गेले. आता गाडी उचलून ते चाक काढावे, वायर हाताने हलवत असताना आकडा उडतो का ते पाहावे, कपलर उघडून पिना पाहाव्यात आणि सेन्सर बाहेर काढून त्याची बैठक व कडे टॉर्चच्या उजेडात तपासावे. शक्य असेल तर डाव्या-उजव्या सेन्सरांची अदलाबदल करावी : दोष सेन्सरबरोबर दुसऱ्या चाकावर गेला तर सेन्सर दोषी, जागेवरच राहिला तर बाकीची साखळी दोषी. काही गाड्यांत डावा आणि उजवा सेन्सर वेगळा असतो आणि गंजलेला सेन्सर काढताना तुटूही शकतो, म्हणून ही अदलाबदल सरसकट करता येत नाही.

जुन्या पद्धतीच्या चुंबकीय सेन्सरचा रोध मल्टिमीटरने मोजता येतो. तो साधारण ८०० ते २,००० ओहमच्या दरम्यान असतो. नव्या गाड्यांतील सेन्सर विजेचा पुरवठा घेऊन चालणारे असतात आणि त्यांच्यावर रोध मोजण्याचा प्रयोग करू नये, कारण त्यातून उत्तर मिळत नाही आणि सेन्सर खराब होण्याचा धोका असतो. दोन्ही प्रकारांत वायरी दोनच असल्यामुळे नुसते पाहून फरक ओळखता येत नाही.

बदललेला जुना भाग परत मागावा. तो आपल्या मालकीचा असतो.

ब्लूटूथवर चालणाऱ्या स्वस्त ओबीडी उपकरणाने एबीएसचे कोड दिसतात का?

सहसा नाही. गाडीच्या निदान-सॉकेटला लावायची अशी उपकरणे प्रदूषण नियंत्रणासाठी ठरवून दिलेले, 'पी' अक्षराने सुरू होणारे इंजिनाचे कोड वाचतात. ब्रेकचे कोड 'सी' ने सुरू होतात आणि त्यासाठी त्या कंपनीच्या गाडीची माहिती असलेले सॉफ्टवेअर लागते. उपकरणाने "दोष नाही" असे दाखवले, तरी त्यातून एबीएसबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

जोरात ब्रेक मारल्यावर पेडल थरथरते आणि खडखड आवाज येतो. हा बिघाड आहे का?

निसरड्या रस्त्यावर किंवा खरोखरच जोरात ब्रेक मारल्यावर असे होत असेल, तर एबीएस आपले काम करत आहे. पेडलवरचा पाय उचलू नये. प्रत्येक साध्या ब्रेकला स्टिअरिंगसह थरथर जाणवत असेल, विशेषतः जास्त वेगात, तर ती वाकड्या किंवा असमान झिजलेल्या डिस्कची खूण आहे आणि तिचा एबीएसशी संबंध नाही.

अलाइनमेंट केल्यापासून, बॅटरी बदलल्यापासून किंवा नवे टायर टाकल्यापासून ईएससीचा दिवा लागतो. कारण काय असावे?

स्टिअरिंग किती अंशांत वळले आहे हे मोजणाऱ्या सेन्सरला "सरळ" म्हणजे कुठे, हे ठाऊक असावे लागते. अलाइनमेंट करताना स्टिअरिंग किंचित तिरके राहिले, किंवा स्टिअरिंगचे काम करताना ते एक आटा चुकवून बसवले, तर गाडी सरळ जात असताना सेन्सर वळण सांगतो आणि यंत्रणा गोंधळते. यावर उपाय म्हणजे स्कॅनरने शून्यबिंदू पुन्हा ठरवणे. बॅटरी काढल्यानंतर काही गाड्यांत स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून थोडे अंतर सरळ चालवले की दिवा आपोआप जातो. पुस्तिकेत तसे लिहिलेले असते.

टायरच्या बाबतीत, चारही टायर एकाच मापाचे आणि शक्यतो सारख्या झिजेचे असावेत. एका चाकाचा घेर लहान असेल तर ते सतत जास्त वेगाने फिरते आणि नियंत्रकाला ते चाक घसरत असल्याचा भास होऊ शकतो. तात्पुरते लहान स्टेपनी चाक लावलेले असताना दिवा लागला तर घाबरण्याचे कारण नाही.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, असे म्हणतात. गाडी फारशी चालली नसेल तरीही?

होय, कारण ते किलोमीटरवर खराब होत नाही. ग्लायकॉलपासून बनलेले हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पाणी मिसळले की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलसाठी किमान २०५ अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी १४० अंश अशी अट आहे. डॉट ४ साठी हे आकडे अनुक्रमे २३० आणि १५५ आहेत, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. मुंबई-कोकणातील दमट हवेत उभ्या असलेल्या गाडीचेही ऑइल या खालच्या आकड्याकडे सरकत राहते.

हा आकडा महत्त्वाचा ठरतो तो घाटात. आंबोली, वरंध किंवा कसारा घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला तर पॅड आणि डिस्क अतिशय तापतात, ती उष्णता कॅलिपरमधील ऑइलपर्यंत पोहोचते आणि ओलावलेले ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ मात्र दाबली जाते. पेडल थेट जमिनीला टेकते, आणि हे सर्व घडत असताना एबीएस वा ईएससीचा एकही दिवा लागलेला नसतो, कारण वीज आणि सेन्सर या दृष्टीने सर्व काही ठीक असते. म्हणूनच दिव्यांइतकेच लक्ष या बाटलीतल्या द्रवाकडेही असावे.

टाकीच्या झाकणावर लिहिलेलीच प्रत वापरावी. डॉट ५ हे सिलिकोनचे असते आणि ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळू नये. ऑइल गाडीच्या रंगावर सांडले तर ताबडतोब पाण्याने धुवावे, नाहीतर रंग निघतो.

उतारावर ब्रेक कमी लागू लागले किंवा पेडल खाली गेले, तर त्या क्षणी काय करावे?

पेडल भराभर अनेक वेळा दाबावे. त्याने काही अंशी दाब परत येतो. त्याच वेळी गिअर एकेक करून खाली आणावा, ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल किंवा 'एल' (खालच्या गिअरची) स्थिती निवडावी. हातानेच ओढायचा हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढावा, एकदम ओढल्यास मागची चाके लॉक होतील. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या बऱ्याच गाड्यांत स्विच ओढून धरल्यास आणीबाणीचा ब्रेक लागतो. आपल्या गाडीत तशी सोय आहे का, हे घरी निवांत वाचून ठेवावे. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू करून डोंगराच्या बाजूला राहावे. इंजिन बंद करू नये. बंद केल्यास बूस्टरची मदत जाते आणि किल्ली पूर्ण फिरवली तर स्टिअरिंगही लॉक होऊ शकते.

थांबल्यावर ब्रेक निवेपर्यंत थांबावे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. ब्रेक परत आले तरी प्रवास पुढे चालू ठेवण्याआधी ऑइल आणि पॅड तपासून घ्यावेत.

इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची खोड या सर्वाच्या मुळाशी असते. गिअर काढला की इंजिनाचा रोध संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड वाहनांचे जे अपघात वारंवार होतात, त्यांच्या संदर्भात ही सवय सतत चर्चेत असते. इंजेक्शनवर चालणाऱ्या आजच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा बहुतांशी बंदच होतो, त्यामुळे न्यूट्रलने बचतही होत नाही.

पेडल दगडासारखे घट्ट झाले आहे, किंवा दाबून धरले की सावकाश खाली जाते. या दोन्हींत फरक काय?

घट्ट पेडल म्हणजे बूस्टरला निर्वात दाब मिळत नाही. इंजिन बंद असताना पेडल घट्ट होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावे, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक आहे. सावकाश खाली जाणारे पेडल म्हणजे बाहेर गळती किंवा मास्टर सिलिंडरच्या आतील रबर निकामी होणे. या दुसऱ्या स्थितीत गाडी चालवू नये.

एबीएसचे मॉड्यूलच गेले असे सांगितले आहे. पर्याय कोणते?

मॉड्यूलमध्ये पंप, व्हॉल्व्हचा ठोकळा आणि त्याला जोडलेले नियंत्रक असे भाग असतात आणि ते महाग असते, म्हणून ते खरेच गेले आहे का याची खातरजमा दुसऱ्या वर्कशॉपकडून करून घ्यावी. फ्यूज, रिले, मुख्य पुरवठा आणि अर्थिंग तपासल्याशिवाय मॉड्यूलला दोष देऊ नये. काही ठिकाणी फक्त इलेक्ट्रॉनिक पाटी दुरुस्त करून मिळते. काम हमीसह होत असेल तर तो विचार करण्याजोगा पर्याय आहे. भंगारातून आणलेले मॉड्यूल नुसते बसवून चालत नाही, त्याचे कोडिंग गाडीशी जुळावे लागते. बसवल्यानंतर आतील हवा काढण्यासाठी बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. पेडल मारून, चाकापाशी असलेले हवा काढण्याचे निपल सोडून हवा काढण्याची जुनी रीत अशा वेळी अपुरी पडते आणि पेडल मऊ राहते.

"ईएससी ऑफ" असा दिवा लागला आहे. हा बिघाड आहे का?

बहुधा कोणाचे तरी बोट बटणावर पडले असावे. पुन्हा दाबून पाहावे. चिखलात किंवा वाळूत चाके रुतली असताना बाहेर पडण्यासाठी यंत्रणा तात्पुरती बंद करणे योग्य असते. रस्त्यावर आल्यावर ती चालू करावी.

पुराच्या पाण्यातून गाडी काढल्यानंतर काय पाहावे?

पाण्यातून बाहेर येताच मागे कोणी नाही हे पाहून, सावकाश चालवत पेडल हलके दाबून ब्रेक कोरडे करावेत. पाणी केबिनमध्ये शिरले असेल तर गाडी किती फिरते हे मोजणारा सेन्सर भिजला असण्याची शक्यता लक्षात घ्यावी, कारण तो अनेक गाड्यांत गिअरच्या कन्सोलखाली असतो. (तेथे सांडलेला चहासुद्धा पुरतो.) सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान सामान्यतः येते, झीज आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड येत नाहीत. म्हणून दावा करताना पाण्याची पातळी दाखवणारी छायाचित्रे असावीत.

जुनी गाडी घेताना या यंत्रणा कशा तपासाव्यात?

इग्निशन चालू करून इंजिन सुरू न करता मीटरकडे पाहावे. ब्रेक, एबीएस आणि ईएससीचे दिवे लागले पाहिजेत. एबीएस आणि ईएससीचे काही सेकंदांत विझले पाहिजेत. एखादा दिवा लागतच नसेल तर तो मुद्दाम काढलेला किंवा झाकलेला असू शकतो. विकणाऱ्याने आदल्या दिवशी कोड पुसले असतील तर दिवा थोड्या प्रवासानंतर परत येतो, म्हणून चाचणीची फेरी सोसायटीच्या आवारात न उरकता मुख्य रस्त्यावर, निदान अर्धा तास घ्यावी, आणि शेवटी स्कॅन करून घ्यावा.

नव्या गाडीत दोष वारंवार येतो आणि कंपनी दाद देत नाही. कोणाकडे जावे?

प्रत्येक भेटीच्या जॉब कार्डावर आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घ्यावी. "जनरल चेकअप" असे मोघम लिहिलेले कार्ड पुढे कामाला येत नाही. दिवा लागलेला असतानाचे मीटरचे छायाचित्र, किलोमीटर दिसतील असे, काढून ठेवावे. गाडी रिकॉलमध्ये आहे का, हे चासी क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. ब्रेकच्या मॉड्यूलसाठी मोठे रिकॉल झालेले आहेत : अमेरिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी, मॉड्यूलच्या आत ऑइल गळून शॉर्ट सर्किट आणि आग लागण्याच्या शक्यतेमुळे, ३० लाखांहून अधिक गाड्या परत मागवल्या आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या घरापासून दूर, उघड्यावर उभ्या करण्यास सांगितले.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम ११०अ नुसार सदोष गाड्या परत मागवण्याचा आदेश सरकार देऊ शकते. वैयक्तिक तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे तोडगा निघाला नाही तर, मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास, जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे.

दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना काय पाहावे?

कोड पुसल्याने दिवा जातोच, म्हणून केवळ विझलेल्या दिव्यावर समाधान मानू नये. मेकॅनिकला सोबत घेऊन फेरी मारावी, चारही चाकांचे आकडे थांबेपर्यंत एकत्र उतरतात हे पडद्यावर पाहावे आणि फेरीनंतर पुन्हा स्कॅन करून कोड परत आलेला नाही याची प्रत मागावी. रिकाम्या, सरळ आणि सुरक्षित जागी, मागे कोणी नसताना, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास एकदा जोरात ब्रेक मारून गाडी सरळ थांबते का तेही पाहावे. ती एका बाजूला ओढत असेल किंवा थोड्या फेरीनंतर एकच चाक इतरांपेक्षा गरम लागत असेल, तर कॅलिपर अडकलेला आहे. गाडी तेथेच परत द्यावी आणि बिल त्यानंतर भरावे.